साकिन गोबरा नाईक तांडा

गोबरा नाईक तांडा, पो. आखाडा बाळापूर
दि. १२ जानेवारी २०२५

चि. कुलदीप यास काकाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू ऐकत नाहीस, म्हणून लिहितो. इकडील सर्व क्षेम असं लिहायची पद्धत आहे, पण क्षेम नाही. तुझ्या बहिणीची, शितलची, ठरलेली सगाई औंढ्याकडच्या आडे मंडळींनी काल थांबवली. मुलात, हरीशमध्ये, खोट नाही. त्याच्या थोरल्या भावाने तू त्या वंशावळींच्या संकेतस्थळावर टाकलेली वंशावळ साऱ्या घराला दाखवली. तीत तुझे पणजोबा सोमला आणि हरीशचे पणजोबा रूपला हे दोघेही गोबरा नाईकाचे मुलगे. म्हणजे आपण भावकी झालो, आणि भावकीत सोयरीक होत नाही. आम्ही राठोड, तुम्ही आडे, असं मी म्हणालो, तर आडनावं मागाहून शाळेत लागली असतील, असं उत्तर मिळालं.

अरे, गोबरा हा तांड्याचा नायक. तांडा त्याच्या नावाचा, आपण नुसते राहणारे. रूपलाचं घरही तेव्हा इथेच होतं. तीस वर्षं मी टपाल वाटलं. पत्त्यात 'गोबरा नाईक तांडा' असलेल्या सगळ्यांचा तो बाप असता, तर त्याला नायकी करायला सवड मिळाली नसती. नायकाचा वंशज व्हायची तुझी हौस पोरीला महागात पडते आहे.

तुझी नीलाकाकू सकाळपासून एकच विचारून राहिली आहे की, पोरानं कोणाला न विचारता हे काहून केलं. ते आधी उतरव.

लोभ आहेच, सध्या रागाखाली दबला आहे.
तुझा काका,
भीमसिंग

चाकण
दि. १९ जानेवारी २०२५

ती. काकांना शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. राग समजतो, पण मी मनचं काही लिहिलेलं नाही. निजामकाळच्या नोंदींची यादी त्या संकेतस्थळावर आहे. तीत 'सोमला गोबरा नाईक' आणि त्याखाली 'रूपला गोबरा नाईक' असं स्वच्छ लिहिलं आहे. मी वंशावळ टाकल्यावर महिन्याभरात तिच्याशी जुळणाऱ्या सतरा वंशावळी तिथे दिसू लागल्या. सतरा माणसं एकदम कशी चुकतील? तुमच्या आठवणीला मी कमी लेखत नाही, पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे.

बाबा गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आजोबांच्या जुन्या दाखल्यावर त्यांच्या आईबापाची नावं तेवढी होती, आजोबांच्या पलीकडचं मला कोणी कधी सांगितलं नाही. पणजोबांचं नाव पडद्यावर दिसलं त्या दिवशी मी जेवायचं विसरलो होतो. ते एकदम पुसून टाकणं जिवावर येतं. शितलला सांगा, मी तिच्या वाईटावर नाही.

काकूंना नमस्कार. दबलेला का होईना, लोभ असू द्यावा.
आपला,
कुलदीप

गोबरा नाईक तांडा
दि. ४ फेब्रुवारी २०२५

चि. कुलदीपला आशीर्वाद.

तुला कोणी सांगितलं नाही हे खरं, आणि तो दोष माझा. पण मी जिवंत होतो, तू विचारलंही नाहीस.

जुन्या दफ्तरासाठी हिंगोलीला तीन चकरा झाल्या. एकदा किल्लीवाला रजेवर, एकदा वीज नाही. तिसऱ्यांदा रजिस्टर हाती आलं, ते उर्दूत. बरोबर एक म्हातारे गुरुजी नेले होते, त्यांनी ओळीवर बोट ठेवून वाचलं की, सोमला, साकिन गोबरा नाईक तांडा. खाली रूपलाचंही तसंच. साकिन म्हणजे राहणार. तुझी यादी करणाऱ्याने तो एवढा एक शब्द गाळला आणि राहण्याच्या जागेचा बाप झाला. खऱ्या बापाचं नाव लिहायला त्या रजिस्टरात रकानाच नाही. पानाचा फोटो शितलने तुला पाठवला आहे.

त्या सतरा जणांना विचार, त्यांना कोणी सांगितलं. सगळ्यांनी एकाचंच ऐकलं असेल, तर ती सतरा माणसं नव्हेत, एकच आहे.

आडे मंडळी म्हणतात, मोबाईलवर बदललेलं दिसू द्या, मग बघू. लेकरू धड जेवत नाही. लवकर कर, म्हणजे माझा राग ओसरेल.
काका

चाकण
दि. १६ फेब्रुवारी २०२५

ती. काकांना सा. न.

मी चुकलो. वंशावळ टाकताना घाईत पणजीच्या नावात सखुबाईचं मी सुखबाई केलं होतं. त्या सतराही ठिकाणी सुखबाईच आहे. म्हणजे ज्यांच्या भरवशावर तुमच्याशी भांडलो, त्या सगळ्यांनी माझंच उतरवून घेतलं होतं.

माझ्या पानावर दुरुस्ती केली आणि बाकीच्यांना पत्रं धाडली. तिघांची उत्तरं आली. दोघांनी बदललं. तिसऱ्याने पुरावा मागितला, आणि मी कसा चुकतो हे दाखवायला माझंच जुनं पान मला पाठवलं. संकेतस्थळवाले कळवतात की, बहुतेकांचं म्हणणं वेगळं असल्यामुळे माझा बदल तपासणीत आहे. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं.

रागवा, पण पाठ फिरवू नका.
कुलदीप

गोबरा नाईक तांडा
दि. ९ मार्च २०२५

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

काका लिहायला बसले होते, पण दोनदा कागद फाडला, म्हणून मी लिहिते. काकांनी तुझ्या तपासणीची वाट पाहिली नाही. परवा आम्ही रजिस्टरच्या पानाची नक्कल आणि गुरुजींना घेऊन आडेंकडे गेलो. हरीशच्या आजीने गुरुजींकडून सगळं वाचून घेतलं आणि ती म्हणाली, व्हय, सोयरीक बराबर होती. चहा झाला. मग त्याच्या वडिलांनी सांगितलं की, गेल्या सोमवारी हरीशचं पुनम नावाच्या मुलीशी ठरलं. दोन महिने थांबलो, आणखी किती थांबायचं, असं त्यांचं म्हणणं. हरीश आतल्या खोलीत होता, पण बाहेर आला नाही. मला तो आवडला होता, दादा. त्याचा फार राग आला आहे, आणि तुझाही.

आज सकाळी मी ते संकेतस्थळ पहिल्यांदा उघडलं आणि माझं नाव शोधलं. दिवाळीत बोलणी झाली तेव्हाच तू हौसेने मला हरीशची पत्नी म्हणून लिहून टाकलं होतंस. तुझ्या पानावरून ते गेलं आहे. उरलेल्या पंधरा ठिकाणी मी अजून त्याची बायको आहे.

पुढच्या महिन्यात कुरुंद्याकडचे पाहुणे मला बघायला येणार आहेत. येण्याआधी तेही मोबाईल उघडतील. पणजोबांसाठी काकांना निदान एक पान सापडलं. माझं लग्न झालेलं नाही, हे कुठल्या रजिस्टरात लिहिलेलं असतं, ते मला कळव.

बहिणीवर माया आहे तशीच ठेव.
तुझी,
शितल