चौकोनातला बेसूर

६ जुलै, रविवार

डिस्कॉर्डंट! एकाहत्तर वर्षांत माझ्यासमोर असला शब्द कुणी काढला नव्हता.

पुढच्या रविवारी आमच्या चर्चात वर्षाचं मोठं गायन. त्याचं रेकॉर्डिंग करायला बर्मिंगहॅमच्या कॉलेजातली ट्रूडी रेनर म्हणून संगीताची मास्तरीण येणार आहे. आज ती सरावाला येऊन बसली. पोरगी गोड आहे, माझी चिकन-डम्पलिंग दोनदा वाढून घेतली. पण निघताना मला बाजूला घेऊन म्हणते, "मिसेस टिडमोर, रागावू नका हं, तुमच्या कोपऱ्यातून एक आवाज जरा डिस्कॉर्डंट येतोय. तशी त्यातही गंमत असते."

गंमत म्हणे. आम्ही चौकोनात बसतो, चार आवाजांचे चार बाक, सगळ्यांची तोंडं आत. आल्टोच्या बाकाच्या टोकाला मी, आणि लगेच बेसचा बाक सुरू होतो त्याच्या टोकाला माझा नवरा, हॉइट. आता तिला कोण म्हणायचं होतं ते वेगळं सांगायला नको.

७ जुलै, सोमवार

नातवाच्या शाळेचा शब्दकोश काढला. डिस्कॉर्डंट: बेसूर, कानाला खुपणारा, इतरांशी न जुळणारा. नुसत्या आवाजाला नाही, रंगांना, मतांना, माणसांनाही लावतात म्हणे. म्हणजे माझी मैत्रीण ओलेटा, तिचे नवे जांभळे पडदे आणि तिचा हिरवा सोफा डिस्कॉर्डंट. मी आणि माझी थोरली नणंद, जन्मभर डिस्कॉर्डंट. शब्द तसा कामाचा आहे. माझ्या नवऱ्याला लावला नसता तर मी खुशाल वापरला असता.

८ जुलै, मंगळवार

रेडिओवर बातमी, रस्त्यांवरून कौंटीच्या बैठकीत 'डिस्कॉर्डंट सूर' निघाले. भांडले, असं सरळ सांगा की!

९ जुलै, बुधवार

दोन वर्षांपूर्वी हॉइटला अर्धांगाचा झटका आला आणि त्याची वाचा गेली. "बरं, बरं" एवढंच उरलं. जेवलास का? बरं, बरं. दुखतंय का? बरं, बरं. पण गाण्याचं पान उघडलं की अख्खे शब्द येतात तोंडातून, एकही न अडखळता! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बाकावरच रडले होते. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. होऊ दे. मी रोज देवाचे आभार मानते. आठवड्यातून एक दिवस का होईना, माझा नवरा बोलतो.

आणि माणसं तरी कशी! गायनात सूर धरून देणाऱ्या डेल्मसभाऊनं न सांगता आमच्या दाराशी उतार बांधून दिला, चाकाची खुर्ची आत यावी म्हणून. ओलेटा महिनाभर जेवण आणत होती. आमच्यात गायला कुणाची परीक्षा नाही, ऐकायला कुणी श्रोते नाहीत, आणि कुणाला बेसूर म्हणायची तर रीतच नाही. देवासाठी गायचं, त्यात कसलं आलं चूक-बरोबर.

पण आता रेकॉर्ड होणार. लोक घरोघरी लावून ऐकणार. मला तो नीटच वाटतो, पण मी पडले बायको. परक्या माणसांनी माझ्या हॉइटला हसलेलं मला सोसायचं नाही.

११ जुलै, शुक्रवार

आज सांगितलं त्याला. दुपारभर शब्द जुळवत होते आणि शेवटी भाजी निवडता निवडता बोलून टाकलं. "हॉइट, ह्या रविवारी तू नुसता हातानं ठेका धर. गाऊ नकोस. रेकॉर्डिंग आहे ना." मला वाटलं, चिडेल. म्हणाला, "बरं, बरं." मग शेंगा सोलायला मदत करायला लागला, त्याच्या एका हातानं.

१३ जुलै, रविवार

गायन छान झालं. पार टेनेसीतून माणसं आली होती. झाडाखालची टेबलं जेवणानं वाकली. माझं केळ्याचं पुडिंग सगळ्यात आधी संपलं, ओलेटाच्या आधी!

हॉइट गायला नाही. आम्ही शब्दांआधी सुरांची नावं गातो, फा-सोल-ला. तेव्हाही त्यानं ओठ मिटलेलेच ठेवले. हात मात्र ठेक्यावर वर-खाली. डेल्मसभाऊनं विचारलं, "हॉइटची तब्येत बरी नाही का?" मी म्हटलं, घसा धरलाय. चर्चात खोटं बोलले.

घरी येताना गाडीत तो खिडकीबाहेर बघत होता.

२२ जुलै, मंगळवार

ट्रूडीनं सीडी पाठवली. लेकीनं आणलेले हेडफोन होते, ते चढवले, आवाज पूर्ण मोठा केला.

पहिल्याच गाण्यात तो आवाज. बेसूर, बाकीच्यांच्या खाली घसरलेला, आणि शिवाय जोरात. मला कळेना. हॉइट तर गप्प होता! पुन्हा लावलं. बाईचा आवाज आहे. आल्टोतला. सगळे थांबले तरी शेवटचा 'ला' ओढत राहते ती.

शेवटचा 'ला' मी ओढते. आई ओढायची, म्हणून मी ओढते.

डावा कान कमी ऐकतो हे ठाऊक होतं मला. तेवढंच आहे असं वाटत होतं.

२३ जुलै, बुधवार

ओलेटाकडे गेले. ती गायनात माझ्या शेजारीच बसते. म्हटलं, "खरं सांग. कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"ओलेटा, मी सीडी ऐकली."

तिनं कॉफी ओतली. "झाली असतील चार-पाच वर्षं. अगं, मी जरा मोठ्यानं गाते, मागच्या बाकावरून विल्डा गाते. डेल्मसभाऊ सूर थोडा खाली धरतो, तुला सोपं जावं म्हणून. चाललंय की."

"सगळ्यांना ठाऊक होतं?"

"तू नसलीस तर तो कोपरा रिकामा दिसेल, ते चालेल का? साखर घाल."

चार-पाच वर्षं! इतकी माणसं मला अशी सांभाळून घेत गात राहिली आणि मला कळूही दिलं नाही. लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण घरी येईपर्यंत नुसते आभारच मनात भरून येत होते, काय करू.

हॉइटला सांगायचं राहिलंय. त्याची माफी कुठल्या तोंडानं मागू?

२४ जुलै, गुरुवार

मागितली. म्हटलं, "बेसूर तू नव्हतास रे, मी होते." तो जराही चकित झाला नाही. मी विचारलं, "तुला ठाऊक होतं?" त्यानं होकारार्थी मान डोलावली. "झटक्याच्या आधीपासून?" पुन्हा डोलावली. "मग मी तुला गाऊ नकोस म्हटलं, तेव्हा बेसूर तूच आहेस हे मला का नाही—" त्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला.