डोळ्यांची दुसरी जोडी

जठारपेठ, अकोला
१९ जुलै १९६३

प्रिय वच्छला,

अमरावतीच्या भोरड्यांची बातमी मला तुझ्याकडून कळली नाही. मुंबईच्या पक्षीमंडळाचे वामनराव शहरांतल्या पाखरांचं पत्रक काढतात, त्यांच्याकडून कळली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, भर वस्तीत, कोर्टाजवळच्या चिंचेवर थवा. निरीक्षक: वच्छला आणि कौशल्या.

कौशल्या तुझ्या शाळेत शिकवायला नवी आली आहे, एवढं तू संक्रांतीच्या पत्रात लिहिलं होतंस. ती सायकल चालवते, हेही. तिला पाखरांचं वेड आहे, हे लिहिलं नव्हतंस.

वसतिगृहाच्या गच्चीवर आपण नियम केला होता. एकीनं पाहिलेलं पाखरू खरं नाही. दुसरीनं पाहिलं तरच मंडळाला कळवायचं. तू चष्मा विसरायचीस, मी नावं विसरायची. दोघी मिळून एक निरीक्षक व्हायचो. लग्न होऊन अकोल्याला आल्यापासून मी मंडळाला काही कळवलेलं नाही. पाखरं इथंही आहेत. तुझ्या जागी मी कुणाला बसवलं नाही. माझ्या जागी तू बसवलंस.

ती कशी बघते? तुझ्यासारखी एक डोळा मिटून? गुलाबी पाठ आधी कुणाला दिसली, तिला की तुला? हे विचारू नये. पण आठवडाभर मी मनाशी दुसरं काही विचारलेलं नाही.

घरी सगळे बरे. हे हसतात. "दूध उतू जाऊन राहिलं अन् तू आभाळ पाहून राहिली," म्हणतात. परवा सासूबाई मागच्या दारी आल्या. पलीकडे कापसाच्या जिनिंगच्या आवारातल्या निंबावर थवा उतरत होता. काळी डोकी, गुलाबी पाठी. "ह्या तं भोरड्या. जवारी आत्ताच पेरली, इतक्यात काहून आल्या?" असं पुटपुटत त्या आत गेल्या. म्हणजे डोळ्यांच्या दोन जोड्या झाल्या. सासूबाईंची मी धरली नाही.

आता लिहायचं कारण. वामनरावांना तुमची नोंद खरी वाटत नाही. भोरड्या इतक्या लवकर येत नाहीत, ब्राह्मणी मैना असतील, असं त्यांचं म्हणणं. जवळच्या गावातून कुणी दुजोरा दिला तर छापतील, नाहीतर वगळतील. म्हणून त्यांनी मला विचारलं आहे. थवा रोज दिवेलागणीला निंबावर येतो. मी 'हो' लिहू शकते. अजून लिहिलेलं नाही. तू बघेपर्यंत माझ्या भोरड्या खऱ्या नाहीत, आणि माझ्या नाहीत तर तुमच्याही नाहीत. रविवारी ये. बडनेऱ्याला गाडी बदलावी लागेल. दोघींनी पाहिलं की तिथंच उभ्यानं वामनरावांना कार्ड लिहिते. कौशल्येचं नाव तुमच्या नोंदीत राहील, मी ते खोडायला सांगणार नाही. फक्त तिला आणू नकोस.

अजूनही तुझीच,
मनकर्णा