पान तोंडात धरून

३ मार्च, सोमवार
लागली एकदाची नोकरी! ताई म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी, सहा महिन्यांत चार कामं सोडलीस. आता बघच म्हणावं, मुक्काम ठोकते की नाही. काम म्हणजे प्रयोगशाळेतल्या भुंगेऱ्यांना जेवू घालायचं. बटाट्याचं अख्खं शेत फस्त करणारे, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे, दिसायला मेले गोड. वरच्या मजल्यावर खोलीही दिलीय. खिडकीतून पाण्याची टाकी आणि एक लंगडं मांजर दिसतं. (मांजराचं नंतर लिहीन.) आधीच्या मुलीचा एप्रन मिळाला. त्याच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेली भोकं, एकेक करत आत सरकत गेलेली. केवढी बारीक असेल बया!

५ मार्च
प्रयोगशाळेच्या बाईंनी समजावलं. भुंगेऱ्यांच्या पानांना लावायचं औषध म्हणजे विष नव्हे. किड्याच्या अंगातलं एकच जनुक ते गप्प करतं, बाकी सगळं चालू. माणूस, गाय, मधमाशी, कुणालाच बाधत नाही म्हणाल्या. तपासणीचा कागदही दाखवला. मी पानांच्या चकत्या औषधात बुडवते, सुकल्या की सुट्या करून डब्यांत टाकते. चकत्या एकमेकींना घट्ट चिकटतात, हातमोजे घालून सुटता सुटत नाहीत. म्हणून बाईंची पाठ वळली की बोटाला थुंकी लावते, वहीचं पान उलटताना लावतात तशी. काम कसं भराभर!

८ मार्च
औषध सुरू करून पाचवा दिवस. भुंगेऱ्यांनी पान चावलं आणि थांबले. मेले नाहीत. तुकडा तोंडात धरून नुसते उभे, आतल्या खोलीत जाऊन काय आणायला आलो तेच विसरावं तसे. बाई खूश. मलाही हसू आलं. मग नाही आलं.

१२ मार्च
काल मी जेवले होते का? डबा भरलेलाच आहे. भूक म्हणून नाहीच. पोटात कुणी दार ओढून घेतल्यासारखं. पट्टा दोन भोकं आत.

१५ मार्च
रखवालदारकाकांना विचारलं, आधीची कुठे गेली. म्हणाले, "तीही बोट चाटायची गं पोरी. किती ओरडायचो मी!" एवढं बोलून फाटकाकडे निघून गेले.

१७ मार्च
बाईंना सगळं सांगून टाकलं. थुंकीचंसुद्धा. नोकरी गेली तर गेली. रागावल्या नाहीत. कागद तीनदा वाचला. म्हणाल्या, असं होऊच शकत नाही. मग हळूच म्हणाल्या, तिलाही मी हेच सांगितलं होतं.

१९
खिळा मागून आणला. तिच्या शेवटच्या भोकाच्या आत — आता माझं.

२०
ताई निघालीय. फोनवर रडतेय — काहीतरी खा म्हणते, मला ऐकू येऊ दे, फोन ठेवू नकोस — डबा उघडला — एका हाताने लिहितेय — घास घेतला. चावला. ताई विचारतेय, गिळलास का, गिळलास का गं —
तोंडात आहे. पण आता पुढे काय करायचं असतं ते