फ्रेम पडतात त्याची कारणं

५ जानेवारी, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. नवीन कॉम्प्युटर, नवीन शिस्त. अख्ख्या धाकटी डहाणूत असं ग्राफिक्स कार्ड नाही. पण गाड्यांच्या रेसमध्ये पाच मिनिटं सेकंदाला एकशे चाळीस फ्रेम, मग एकदम अठरा. गाडी उचकी लागल्यासारखी चालते. म्हणूनच काल मेहुण्याकडून हरलो. हेमालीचा हा भाऊ, जिग्नेश, तिकडे झाई गावात बसून जुन्या लॅपटॉपवर खेळतो, त्याची दोन बटणं निघालेली आहेत.
हेमालीने निकाल दिला. येत्या रविवारी जिंकलो तर ती कॉम्प्युटरबद्दल चकार शब्द काढणार नाही. हरलो तर होळीपर्यंत रोज सकाळी तिच्याबरोबर बोंबील वाळत घालायचे. लगेच हो म्हटलं. दोष मशीनचा आहे, तो शोधला की झालं.

६ जानेवारी
नवीन ड्रायव्हर टाकला. उपयोग नाही. परत जुना टाकला. तोही नाही.
हेमाली म्हणाली, त्याच्यावरचा तो अंगरखा काढून बघा ना. हसलो. या खाऱ्या हवेत बोटीचा नांगर गंजतो, तिथे दीड महिन्याचं मशीन उघडं ठेवू? जुन्या ताडपत्रीचं कव्हर मी स्वतः बेतून शिवून घेतलंय. चारी बाजूंनी बंद, वायरींपुरतं भोक. कंपन्यांनाही सुचलं नसेल.

७ जानेवारी
व्होल्टेजचा प्रॉब्लेम. स्टॅबिलायझर आणला. आता फ्रेम अठरावर अगदी स्थिर राहतात.
भावाने विचारलं, बोटीवर येतोस का. म्हटलं, घरी तांत्रिक काम आहे. उद्यापासून लवकर उठणे.

८ जानेवारी
उशिरा उठलो. मशीन चादरीत गुंडाळून तलासरीला नेलं, तुषारच्या दुकानात. त्यानेच जोडून दिलं होतं. तिथे दोन तास रेस चालवली, एकशे चाळीसवरून फ्रेम हलली नाही. तुषार माझ्याकडेच संशयाने बघायला लागला. घरी कसं ठेवता, विचारत होता. म्हटलं, राजासारखं. कव्हरचं मुद्दाम बोललो नाही. डिझाइन चोरीला जायला वेळ लागत नाही.
निष्कर्ष: तलासरीची वीज चांगली.

१० जानेवारी
विंडोज नव्याने टाकली. सगळं साफ झालं. आमच्या लग्नाचे फोटोही. रविवारनंतर सांगेन.
फ्रेम अठरा.

११ जानेवारी, रविवार, सकाळी
आभाळ आलंय. बोंबील भिजतील म्हणून हेमालीने दिसेल ती ताडपत्री ओढून नेली, त्यात माझं कव्हरही गेलं. भांडायला वेळ नव्हता. मशीनला हळदकुंकू लावलं, उघड्यावरच सराव केला. अर्धा तास झाला, एकशे चाळीस. विंडोजचाच घोळ होता, मला पहिल्यापासून वाटत होतं. अभ्यास लागतो.

दुपारी
हरलो.
पहिल्याच वळणावर भिंतीत गेलो, नंतर उलट्या दिशेने बराच वेळ चालवली. जिग्नेशचा फोन आला. भावोजी, आज तर मशीन मस्त चाललं असेल, म्हणाला. म्हटलं, कुठलं, फ्रेम पडल्या. हेमाली मागे उभी होती. स्क्रीनच्या कोपऱ्यात एकशे चाळीस लिहिलेलं होतं, आणि आकडे तिला वाचता येतात. ती बोंबलांवरची ताडपत्री सारखी करायला निघून गेली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

१२ जानेवारी
सकाळपासून बोंबील. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकायचे. हेमालीच्या जोड्या टिकतात, माझ्या सुटून खाली पडतात. शेजारच्या मालूने विचारलं, दोरीचाही प्रॉब्लेम आहे का. ऐकू न आल्यासारखं केलं. फोटोंचं अजून सांगितलेलं नाही.
आभाळ निवळलं. कव्हर परत मिळालं, बोंबलाचा वास मारतंय. तसंच मशीनवर चढवलं आणि खालपर्यंत नीट ओढून घेतलं. हेमाली म्हणाली, आता कशाला? म्हटलं, खारी हवा.
पुढच्या रविवारी जिग्नेशबरोबर परत रेस ठरली आहे. फ्रेम पडायलाच हव्यात.