नागव्वाचं दहाचं मत

सोलापूर
शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम.

तू, दाजी आणि पोरं मजेत असाल. आम्हीही ठीक. जांभळी शाई पाहून हसू नकोस, ही साधीसुधी शाई नाही. काल वळसंगच्या आमच्या शाळेत राष्ट्रपतीची निवडणूक झाली आणि हे पेन त्या मतदानाचं आहे! फोनच करणार होते, पण काही गोष्टी फोनवर माझ्या तोंडून निघत नाहीत. शालनआत्याची तब्येत यथातथाच. तिचं पुढे लिहिते.

सुरुवात केली सहावीच्या नागव्वानं. नागरिकशास्त्राच्या तासाला उठून म्हणाली, "बाई, राष्ट्रपतीला आपन मत का देत न्हाय?" म्हटलं, आपण निवडून दिलेले आमदार-खासदार देतात. आणि त्यांच्या मताला किंमत असते, महाराष्ट्रातल्या एका आमदाराची एकशे पंच्याहत्तर, लहान राज्यातल्याची कमी, कारण ती लोकसंख्येवर ठरते. पोरांचे चेहरे बघायला हवे होतेस! तिथंच ठरवलं, आता करूनच दाखवायचं.

पाचवी ते दहावी मिळून दोनशे चाळीस मुलं. प्रत्येक वर्गानं पाच आमदार निवडले. पाचवीत साठ मुलं, म्हणून तिथल्या आमदाराचं मत बाराचं. दहावीत पंचवीसच, त्यांचं पाचाचं. दहावीवाले भडकलेच, "बाई, आमी मोठं आन् आमचं मत धाकलं व्हय?" उमेदवार तीन: नववीचा शिवराज, दहावीचा दिपक आणि सातवीचा गुरु. जिंकायला निम्म्याहून जास्त, म्हणजे एकशे एकवीस हवेत. खिशातली पेनं बाहेर काढून ठेवायची, आत ठेवलेल्या जांभळ्या पेननंच पहिली, दुसरी पसंती लिहायची, नाहीतर मत बाद. मी दारात अशी उभी होते की हेडसरसुद्धा विचारून आत आले!

निकाल ऐक. शिवराज एकशे बारा, दिपक अठ्ठ्याऐंशी, गुरु चाळीस. कुणालाच एकशे एकवीस नाहीत. सगळ्यांत कमी म्हणून गुरु बाद, आणि त्याला मिळालेल्या पाच मतपत्रिकांवरची दुसरी पसंती उघडली. पाचही दिपकला! झाले एकशे अठ्ठावीस. मागे पडलेला पोरगा राष्ट्रपती झाला, ताई! बाकं वाजवून पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. दिपक बिचारा लाजून खिडकीबाहेर बघत राहिला.

आणि मग सहावीचा वर्ग बिथरला. त्यांनी आपल्या पाचही आमदारांना शिवराजला मत द्यायला बजावलं होतं. त्यानं वर्गात चिक्की वाटली होती, हे मला तेव्हा कळलं. सहावीचं मत दहाचं, आणि शिवराजच्या गठ्ठ्यात दहाची मतं निघाली चारच. पाचवं मिळतं तर गडी पहिल्याच फेरीत एकशे बावीसवर निवडून येत होता. "कोन फुटलं?" म्हणून एकच गलका.

मतदान गुप्त होतं. गप्प बसली असती तर कुणालाच कळलं नसतं. पण त्या पाचांतली नागव्वा उभी राहिली. "मी न्हाय दिलं शिवराजदादाला. चिक्की मी बी खाल्ली, पन मला दिपकदादाच बरा वाटला. आता दुसऱ्या कुनावर नाव नगं यायला."

मी समजावलं की खऱ्या निवडणुकीतही पक्षाला आदेश काढता येत नाही, ज्याचं त्यानं ठरवायचं, नागव्वाचं काही चुकलं नाही. मग टेबलावरचं जांभळं पेन पर्समध्ये टाकलं.

आता आत्याचं लिहिते.

बारा वर्षांपूर्वी तुला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला पुण्याला जायचं होतं. आप्पा म्हणाले, तिघं म्हणतील तसं करू. काका, आत्या आणि मी. तू स्वयंपाकघरात थांबलीस आणि मला म्हणालीस, "तेजे, माझ्या वतीनं तू बोल." थोड्या वेळानं आप्पा बाहेर येऊन म्हणाले, दोघं नको म्हणतात. काकांचं ठाऊकच होतं. दुसरी आत्या, असं तू धरून चाललीस.

ताई, आत्या "जाऊ द्या पोरीला" म्हणाली होती. "नको" मी म्हणाले. तू गेलीस तर माझंच लग्न आधी उरकतील, या भीतीनं. एकोणीस वर्षांची होते, पण ती काही सबब नाही.

तू आत्याला नाही नाही ते बोललीस. तिनं ऐकून घेतलं, माझं नाव आजवर काढलं नाही. तेव्हापासून तू तिच्याशी बोलत नाहीस आणि मला दर दिवाळीला साडी पाठवतेस. त्या साड्या नेसताना मला कसं होतं, ते कसं सांगू?

डॉक्टर म्हणतात, तिचं हृदय थकलंय. काल तिला नागव्वाची गोष्ट सांगितली. म्हणाली, "लई धीराची हाय की पोरगी." मग जरा वेळानं, "प्रतिक्षा येती का गं कवा?"

ये ताई. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, तिच्याशी बोल. सबंध पत्र जांभळ्या पेननं लिहिलंय, आता हे मत बाद होणार नाही.

तुझ्या वतीनं बसून तुझ्याविरुद्ध मत दिलेली
तुझी धाकटी,
तेजश्री