डब्याचं झाकण आणि रेडीमेड कोट

तीर्थस्वरूप आत्येस,

खटपट्याचा साष्टांग नमस्कार. (तीर्थरूप फक्त आईवडिलांना लिहायचं, बाकी वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, हे तूच कान पिरगाळून शिकवलंस म्हणून तसं लिहिलं आहे. वाढवलंस तू, जेवू घातलंस तू, आणि मायन्यात मात्र तुला एक पायरी खाली बसवायचं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. असो.) आम्ही इकडे ठीक आहोत. तुझी तब्येत उत्तम असल्याचं तुझ्या समोरच्या दारातल्या मास्तरांकडून कळलं. तुझ्याकडून कळायला काही मार्ग राहिलेला नाही, कारण तू फोन उचलत नाहीस आणि मी दिलेल्या औषधांच्या डब्याचं झाकण त्या मंगळवारपासून एकदाही उघडलेलं नाही. मास्तरांना मध्यस्थी करायला सांगितलं, तर ते म्हणाले, "त्या म्हणतात, काय सांगायचं ते लेखी सांग म्हणावं." म्हणून हे लेखी.

त्या मंगळवारी तुझ्या घरात काय झालं ते तुला माहीत आहे. आमच्या बाजूला काय झालं ते तुला माहीत नाही, आणि ते कळल्याशिवाय तू मला कायमचा मूर्ख ठरवशील. (कळल्यावरही ठरवशील, पण मग निदान पुराव्यानिशी.) तर आमची आरोग्य व सेवा तंत्रज्ञान उद्योग परिषद म्हणजे रुग्णांना आणि म्हाताऱ्या माणसांना लागणारी यंत्रं बनवणाऱ्यांची संघटना. म्हातारी म्हटलेलं परिषदेत चालत नाही, ज्येष्ठ म्हणावं लागतं. तुला दोन्ही चालत नाही हे मला ठाऊक आहे. मोठी रुग्णालयं परिषदेच्या सभासदांकडूनच माल घेतात, आणि आमचा कारखाना म्हणजे गाडी ठेवायच्या खोलीत एक टेबल, त्याच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला तुझी सूनबाई. तेव्हा सभासद होणं आम्हाला किती गरजेचं होतं ते तुला सांगायला नको. दोनदा अर्ज परत आला होता. तिसऱ्यांदा घेतलं.

या खेपेला आम्ही चार नवे सभासद होतो. एक कुलूपवाले. ते बसल्या जागेवरून, फोनवर बोट टेकवून, दुसऱ्या गावातलं दार उघडतात. (हे गुण पूर्वी ज्यांच्यात असत त्यांना पोलीस शोधत असत.) दुसरे गाडीवाले. रुग्णाच्या सगळ्यांत जवळ कुठली रुग्णवाहिका आहे ते त्यांचं यंत्र हुडकतं आणि ती पाठवून देतं. तिसऱ्या पडद्यावाल्या बाई. त्यांची एक पाटी रुग्णवाहिकेतल्या माणसाच्या हातात असते, तिच्यात रुग्ण दिसतो आणि लांब बसलेला डॉक्टर त्याला बघतो. आणि चौथा मी. सात वारांचे सात खण असलेला डबा, झाकण उघडलं की घरच्यांच्या फोनवर "औषध घेतले" असा निरोप. बाकी तिघांच्या मानाने माझी वस्तू फारच गरीब वाटत होती, पण तिघांपैकी एकाच्याही यंत्राला झाकण नव्हतं, एवढाच काय तो दिलासा. सूनबाई म्हणाली, अशा लोकांत सदऱ्यावर जाऊ नका. म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी एक निळा कोट विकत आणला. कोटाचा विषय पुढे येणारच आहे, तेव्हा आत्ताच डोळे वटारू नकोस.

प्रत्येक नव्या सभासदाने आपली वस्तू सगळ्या परिषदेला दाखवायची असते. सभागृहात लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली, आणि बाटली उघडताना आवाज होईल म्हणून सगळे तहानलेले. अध्यक्ष म्हणजे निवृत्त डॉक्टर. समोरच्याची नाडी बघतो आहोत अशा नजरेने ते सगळ्यांकडे बघतात. माझी पाळी आली. आठवडाभर राबून तयार केलेली चित्रं आणि आकडे त्यांच्या यंत्रात उघडेचनात. चिटणीस दोनदा बंद करून चालू करून बघत होते, अध्यक्ष घड्याळ बघत होते, आणि मी घाम पुसायला खिशात हात घातला तर खिसा शिवलेलाच. (नव्या कोटाचे खिसे टाक्याने बंद असतात आणि ते आपण उसवायचे असतात, हे मला माहीत नव्हतं. तू शिवलेल्या कोटांना कधी असलं काही नव्हतं.) घाबरून मी म्हणालो, चित्रं राहू द्या, मी तुम्हाला खराखुरा डबाच दाखवतो. आणि माझा फोन भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडला. वर लिहून आलं: आत्या. खाली लिहून आलं: औषध घेतले.

टाळ्या पडल्या, आत्या. खोटं नाही सांगत. मी म्हणालो, या माझ्या आत्या, एकट्या राहतात, फार शिस्तीच्या आहेत. तेवढ्यात पुन्हा आलं: औषध घेतले. मी म्हणालो, कधीकधी झाकण नीट बसलं आहे की नाही हे बघायला पुन्हा उघडतात. मग पुन्हा आलं. मग पुन्हा. मी डब्याच्या प्लास्टिकच्या टिकाऊपणाबद्दल बोलू लागलो, पण सगळ्यांची नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे. मी वळून पाहिलं तर पडदा वरपासून खालपर्यंत भरला होता. अध्यक्ष उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "या बाईंनी आपण चहा घेतल्यापासून आठवड्याचं औषध संपवलं आहे."

आता मला काय ठाऊक की तू शाळेच्या बँडचे कोट घेऊन बसली आहेस? मला काय ठाऊक की तुझ्या गोळ्या पहिल्यासारख्याच चहाच्या डब्याशेजारी पत्र्याच्या डबीत आहेत आणि माझ्या सात खणांत तू बटणं लावून ठेवली आहेस? सोमवारात पांढरी, मंगळवारात काळी चार भोकांची, बुधवारात पितळी. मी तुला फोन केला. तीनदा केला. मशीन चालू असताना तुला ढोल वाजला तरी ऐकू येत नाही, हे मला जन्मापासून माहीत आहे. पण त्या क्षणी ते आठवलं नाही. डोळ्यांसमोर तू जमिनीवर पडलेली दिसत होतीस. हे स्पष्टच लिहितो.

आणि मग बाकीचे तिघे उठले. सापडली संधी. कुलूपवाल्यांनी पत्ता विचारला. तुमच्या इमारतीला गेल्या वर्षी बसवलेली कुलपं नेमकी त्यांचीच निघाली. त्यांनी बोट टेकवलं, पण घाईत एका दाराऐवजी अख्ख्या इमारतीवर टेकवलं, आणि सगळ्या मजल्यांची दारं एकदम उघडली. (मास्तर त्या वेळी टॉवेलवर होते. त्यांनी हे मला दोनदा सांगितलं, म्हणजे त्यांना फार लागलेलं दिसतं.) गाडीवाल्यांच्या यंत्राने सगळ्यांत जवळची रुग्णवाहिका हुडकली, तर दोन गाड्या सारख्याच अंतरावर निघाल्या, आणि यंत्राने कुणाचं मन न मोडता दोन्ही पाठवल्या. अध्यक्ष घड्याळ लावून बसले होते. शेवटी पडद्यावाल्या बाईंची पाटी घेऊन माणूस तुझ्या खोलीत शिरला, आणि आमच्या भिंतीवर तू आलीस, तुझ्याकडच्या पाटीत आम्ही. मशीनपुढे बसलेली, धडधाकट, मांडीवर लाल कोट. मला रडू आलं. बाजूच्या सभासदाने मला पाणी दिलं.

पण तुझ्या तोंडात टाचण्या होत्या. आत्या, मी तुझ्या मशीनखाली खेळून मोठा झालो आहे. तोंडात टाचण्या असताना तू हुंकारावर सगळा संसार चालवतेस हे मला माहीत आहे. पण परिषदेत कपडे शिवणारं कुणी नव्हतं. लांबचा डॉक्टर म्हणाला, नाव सांगा. तू म्हणालीस, "हं." तो म्हणाला, काय त्रास होतो? तू डोळ्यांनी दाराकडे खूण केलीस. तो म्हणाला, वाचा गेली आहे, एका बाजूचा ओठ घट्ट मिटलेला आहे. किती घेतल्या, असं विचारल्यावर तू सहा बोटं दाखवलीस (एका कोटाला सहा बटणं, हे मला नंतर कळलं), आणि मग कोपऱ्यातल्या ढिगाकडे बोट दाखवून हाताने सांगितलंस की अजून एवढं सगळं व्हायचं आहे. सभागृहात कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. मी ओरडून सांगत होतो, टाचण्या आहेत, तोंडात टाचण्या आहेत! पण अध्यक्षांनी मला खांद्याला धरून बसवलं आणि चिटणीसांना म्हणाले, नातेवाइकांना बाहेर न्या.

मी दारापर्यंत गेलो होतो तेव्हा तुला स्ट्रेचरवर निजवत होते. तू हात वर केलास. सगळे थांबले. मग तू एकेक टाचणी तोंडातून काढून उशीला टोचलीस. माल बघायला आलेले मोठ्या रुग्णालयांचे खरेदी अधिकारी श्वास रोखून टाचण्या मोजत होते. शेवटची टाचणी टोचून झाल्यावर तू म्हणालीस, "कोट उद्या द्यायचे आहेत. मला खाली ठेवा." आणि मग पाटीत डोकावून, दारात उभ्या असलेल्या मला नेमकं हुडकून म्हणालीस, "आणि खटपट्या, तो कोट कुणी शिवला? खांदा बघ कुठे उतरलाय." सगळी परिषद माझ्या खांद्याकडे वळली. खांदा खरंच उतरला होता.

पुढचं थोडक्यात. आम्हा चौघांचं सभासदत्व रद्द झालं नाही, कारण चारही यंत्रं बिनचूक चालली होती, चुकली होती ती माणसं, आणि परिषद यंत्रांची आहे. यापुढे दार उघडण्याआधी आणि गाडी पाठवण्याआधी शेजाऱ्याला फोन करून "जरा डोकावता का?" असं विचारावं, असा ठराव तासाभराच्या चर्चेनंतर एकमताने झाला. (तुझा शेजारी म्हणून मास्तरांचं नाव चिटणीसांनी लिहून घेतलं आहे. टॉवेलचं दुःख त्यामुळे कमी झालं असावं.) रुग्णवाहिकेतल्या माणसाने तुझ्या पत्र्याच्या डबीतल्या गोळ्या मोजल्या, त्या अगदी बरोबर निघाल्या. म्हणजे माझ्या डब्याची तुला कधीच गरज नव्हती. हे मला घरी आल्यावर सूनबाईने सांगितलं, मी विचारलेलं नसताना.

मला वाटत होतं, चारचौघांत स्ट्रेचरवर निजवलं म्हणून तू रागावली आहेस. माफीचे शब्दही जुळवून ठेवले होते. तर मास्तर म्हणाले, "छे हो, ते तर त्या हसून हसून सांगतात. राग कोटाचा आहे. मी असताना हा दुकानातून कोट आणतो, म्हणतात." मास्तर पुढे असंही म्हणाले की डबा तू फळीवर उचलून ठेवला आहेस आणि कामाला नवी बटणं विकत आणतेस. तुझा राग मला नवा नाही, आत्या. पण सकाळी उठल्यावर पहिल्या चहाच्या वेळी "औषध घेतले" असा निरोप यायचा, आणि मग मला चहा गोड लागायचा. तू त्या वेळी पांढरी बटणं घेत होतीस की काळी, याच्याशी मला काही देणंघेणं नाही. तू उठली आहेस, एवढं कळायचं. आता चहा घेतो, पण लक्ष फोनकडे असतं.

प्रकृतीस जप. दार आतून कडी लावून घेत जा, कुलपाचा भरवसा नाही.

तुझा,
खटपट्या

ता. क. सोबतच्या पार्सलात तो निळा कोट आहे. परिषदेत नव्या सभासदांचा फोटो पुढच्या महिन्यात काढणार आहेत. खांदा तेवढा उचलून दे. खिसेही उसव, माझा हात अजून जात नाही.

ता. क. २. कोटाला बटणं नाहीत असं तुझ्या लक्षात येईल. रुग्णवाहिकेतल्या माणसाने त्या दिवशी डब्याचे खण पाटीपुढे धरले होते, तेव्हा रविवारच्या खणात चार मोठी तपकिरी बटणं दिसली. एकावर दातांच्या खुणा होत्या. ती माझ्या शाळेच्या कोटाची, वाढत्या अंगाची म्हणून तू मुद्दाम मोठी लावलेली, आणि दात माझेच. ती या कोटाला चालतील. निळ्यावर तपकिरी दिसेल तसं दिसू दे.

ता. क. ३. सूनबाई म्हणते, लेखी मागितलं आहे तर सगळं खरं लिहा. तर कोटाची आधीची बटणं गळालेली नाहीत. मीच कापली.