यॉस्ट हार्पोलच्या ओकाचा ओंडका

प्रति,
मा. जमीन-दस्त निबंधक,
लॉरेल रन परगणा, वेस्ट व्हर्जिनिया.

विषय : सतराशे एकरांचा वडिलोपार्जित दावा आणि जप्त ओंडका.
संदर्भ : आपले ३ जुलैचे, मी चुलीत घातलेले पत्र.

महोदय,

१. माझे खापरपणजे यॉस्ट हार्पोल १७७२ साली या दरीत आले, तेव्हा येथे आपले कार्यालय नव्हते, म्हणून कामे होत असत. झऱ्याकाठच्या झाडावर कुऱ्हाडीने नावाची अक्षरे कोरली की जमीन कोरणाऱ्याची, ही त्या काळची रीत. त्यांनी पांढऱ्या ओकावर ‘य. ह.’ कोरले. आज त्या जमिनीवर खाणवाल्यांच्या तीन खाणी आहेत. आमच्या घरातील पोर प्रार्थनेआधी तो ओक पाठ करते.

२. आपण पुरावा मागितलात. मी दोन पुतण्यांसह ओक कापला आणि अक्षरांचा ओंडका खेचरगाडीतून चौदा मैल आणून आपल्या टेबलावर ठेवला. त्यावर आपले कारकून श्री. ग्रिम्स हसत म्हणाले, “बाई, हद्दीची साक्ष उभं झाड देतं. तुम्ही तर साक्षीदाराचं मुंडकंच कापून आणलंत.” वर परक्या जमिनीतील झाड तोडल्याची नोटीस मलाच! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. सदर ग्रिम्स हल्ली ओंडक्यावर कॉफीची किटली ठेवतात. ‘ह’वर डाग पडला आहे.

३. आपल्या मोजणीदाराने खुणेवर चढलेली वाढीची वलये मोजली, एकेचाळीस भरली. म्हणजे खूण १८७० ची, सबब बनावट, असे आपण लिहिता. मोजणीदार खाणवाल्यांच्या पंगतीला जेवतो, हे साऱ्या परगण्याला ठाऊक आहे.

४. तथापि त्याने वलये बरोबर मोजली आहेत.

५. मूळ ओक त्या साली वीज पडून गेला. मी आठ वर्षांची होते. “झाड गेलं म्हणून जमीन जाते का गं?” असे म्हणून वडिलांनी शेजारच्या ओकावर तीच अक्षरे कोरली. मी त्यांची टोपी धरून उभी होते. ‘खुणेला कोणीही हात लावलेला नाही’ हे माझ्या शपथपत्रातील वाक्य खोटे आहे. ते मी लिहिले, वडिलांनी नव्हे. त्यांना लिहिता येत नव्हते. ती दोन अक्षरे तेवढी येत.

६. येत्या ऑगस्टात घराण्याच्या मेळाव्याला ऐंशी हार्पोल जमतील आणि जमिनीचे काय झाले ते मला विचारतील. काय सांगायचे ते मी पाहून घेईन. त्यात आपली लुडबुड नको.

७. सबब ओंडका पुराव्यातून काढावा, त्यावरचा ‘बनावट’ हा शिक्का पुसावा आणि ओंडका मला परत द्यावा. माझ्या बापाच्या हातचे दुसरे काहीही या जगात लिहिलेले नाही. सोमवारी गाडी घेऊन येते. किटली आधीच उचलून ठेवावी.

दावा मागे घेतलेला नाही.

नम्रतेची अपेक्षा करू नये,
ओर्फा टीटर (माहेरची हार्पोल)
२१ जुलै १९११

सोबत : झाडतोडीची नोटीस, दंड न भरता परत.